उकळलेला थर्मामीटर

आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाईंना उपनगरातले हॉटेलवाले पाठीमागे ‘बॅटरीबाई’ म्हणत. दुकानात पाऊल पडलं की नमस्काराआधी पर्समधून बॅटरी निघायची आणि बाई थेट ओट्याखाली. तिथे उंदराची एखादी लेंडी सापडली, तर हरवलेली अंगठी मिळाल्यासारखा चेहरा व्हायचा. बाळंतपणाची रजा संपवून त्या कामावर येणार म्हटल्यावर बेकरीवाल्याने म्हणे सुटकेचा निःश्वास सोडला होता: आता पोरात जीव गुंतला असेल, जरा नरमतील. कसल्या नरमतायत! पहिल्या दोन दिवसांत त्यांनी पाच ठिकाणचे फ्रीज पकडले. सगळीकडे दूध-लोणी नऊ अंशांवर; पाचाच्या वर तर चालतच नाही. बेकरीवाल्याला क्रीमचे दोन डबे त्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतावे लागले. माझी पाठ फिरली आणि गाव सैलावलं, असं त्या घरी जरा ऐटीतच सांगत होत्या.

घरी मात्र वेगळाच कारखाना होता. बाटली, बूच, चमचा, खुळखुळा, जे जे चिरंजिवांच्या तोंडात जाईल ते ते दहा मिनिटं उकळत्या पाण्यात. नवरा पातेल्यापासून चार हात लांबून जायचा. न जाणो, आपलाही नंबर लागायचा.

बाळाला ठेवायचं कुठे, हा खरा घोर. सासूबाईंचे गुडघे धरलेले, आई परगावी, आणि चालत जाण्यासारखं पाळणाघर एकच. तिथल्या काकूंनी पाच महिने ताटकळत ठेवून एक जागा दिली होती. ती गेली तर नोकरी गेली, इतका सरळ हिशोब होता. शिवाय खात्याचा नियम असा, की आपलं मूल जिथे आहे तिथली तपासणी आपण करायची नाही. बाईंना नियम तोंडपाठ होता. फक्त हात ऐकत नव्हते.

तिसऱ्या दिवशी बाळाला सतरंजीवर ठेवून काकू टॉवेल आणायला वळल्या, तेवढ्यात बाईंनी फ्रीज उघडून दुधाच्या पातेल्यात थर्मामीटर बुडवला. नऊ.

आठ लेकरं हेच दूध पितात. बोलावं तर जागा जाते, गप्प बसावं तर आई कसली आणि निरीक्षक कसली? टॉवेल घेऊन परतलेल्या काकूंना उघडा फ्रीज दिसलाच. बाईंनी खात्यातल्या साहेबांना फोन लावला.

साहेब निवृत्तीला आलेले. घाई हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. ते आले, चपला काढल्या, एका रडक्या पोराला गुदगुल्या केल्या आणि काकूंकडे पेलाभर बर्फ आणि थोडं पाणी मागितलं. काकूंच्या ओठांची घडी पडली होती, पण त्यांनी आणून दिलं. साहेबांनी त्यात स्वतःचा थर्मामीटर धरला: शून्य. मग बाईंचा धरला: चार. साहेबांनी पुन्हा ढवळलं. चार.

बर्फाच्या पाण्यात रोज सकाळी थर्मामीटर तपासून मगच बाहेर पडायचं, हे बाई सगळ्या हॉटेलवाल्यांना घसा कोरडा करून शिकवत. या आठवड्यात सकाळ कुणाला सापडली होती?

साहेबांनी आपला थर्मामीटर काकूंच्या दुधात घातला. पाच. मग शांतपणे विचारलं, की हा पडलाबिडला होता का.

“पडला नाही,” बाई म्हणाल्या. “रविवारी बाळाने तोंडात घातला होता. मी बाटल्यांबरोबर उकळला.”

“किती वेळ?”

“दहा मिनिटं. मग अजून दहा.”

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. अति तिथे माती, एवढंच ते पुटपुटले, आणि मग जरा सावरून म्हणाले, की पाच ठिकाणी जाऊन नोटिसा मागे घ्याव्या लागतील, सुरुवात बेकरीपासून.

पण बाईंचं लक्ष काकूंकडे होतं. काकूंनी खुंटीवरून बाळाची पिशवी काढली होती. बाईंनी माफी मागितली. न विचारता फ्रीजला हात लावला हे चुकलंच, म्हणाल्या. काकूंनी पिशवी उघडली. आत सहा चमचे, प्रत्येक वेगळ्या पुडीत, प्रत्येकावर उकळल्याची वेळ. काकूंनी एकेक पुडी वाचली. सगळ्या वाचल्या. मग पिशवी परत खुंटीला लावली.

“बाळाला ठेवते मी,” त्या म्हणाल्या. “आईला ठेवायची सोय नाही माझ्याकडे. उद्यापासून मूल फाटकातून आत, तुम्ही बाहेर.”

बाईंनी मान डोलावली. बाळाच्या नाकाबद्दल काहीतरी सांगायचं होतं, ते गिळलं.

बेकरीवाल्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे विनंती केली, की हेच पुन्हा एकदा सांगाल का, बायकोला आतून बोलावतो. बाईंनी पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी काकूंच्या कडेवर मूल देताना बाईंनी काहीही विचारलं नाही. ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या फक्त, जरा जास्तच वेळ.

“दूध चार अंशांवर आहे,” काकू म्हणाल्या. “आता निघा बरं. तुम्ही दिसत राहिलात की रडतो तो.”

बाई कोपऱ्यापर्यंत गेल्या, मागे न बघता. बाळ रडलं नाही. त्याचंच त्यांना दुपारपर्यंत वाईट वाटत राहिलं.