दोन गाठींची तबकडी

मी एक जुनी पत्र्याची तबकडी आहे, मित्रांनो. अर्धी काळी, अर्धी पांढरी. मधोमध दोरी, पोटाखाली वजनाला विटेचा तुकडा. मत्स्यतळ्यात बुडून दिसेनाशी होणं, एवढंच माझं काम. दोरीच्या पहिल्या गाठीआधीच दिसेनाशी झाले, तर पाणी फार हिरवं झालं, खत आणि खाद्य थांबवा. दुसऱ्या गाठीनंतरही दिसत राहिले, तर पाणी उपाशी, खत घाला.

मयमनसिंगकडच्या एका गावात मी मोमरेज अलीबरोबर आले. तळं त्याच्या नावावर, म्हणून मासेपालनाच्या प्रशिक्षणाला तोच गेला होता. तिथून त्यानं बिर्याणीचं पाकीट, एक छापील कागद आणि मला आणलं. पाकीट संपवलं आणि मला खिळ्याला टांगलं.

मला खाली उतरवलं ते त्याच्या बायकोनं, जोबेदानं. माशांना रोज खाद्य तीच घालायची. पाचवीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावून तिनं तो कागद वाचला आणि मला पाण्यात सोडून बघू लागली. त्या वर्षी रोहू असा पोसला की गाव बघायला आलं. शाबासकी मोमरेजला मिळाली. मला वाईट वाटलं, पण जोबेदा खूश होती.

पुढच्या वर्षी शेजारच्या सोभाननं तळ्यात कोंबडीखत ओतलं आणि त्याचे मासे आणखी फुगले. झालं! सगळा गाव पोती आणायला धावला. भाद्रपदातल्या कुंद, ढगाळ दिवसांत मी चार बोटांवरच दिसेनाशी होऊ लागले.

"शेफालीचे बाबा, आज खत नको," जोबेदा काकुळतीनं म्हणाली. "पाणी जड झालंय. मासे गुदमरतील."

"प्रशिक्षणाला तू गेली होतीस की मी?"

"तुम्हीच. पण कागद मी वाचलाय."

"चहाच्या टपरीवर सोभानभाई काय म्हणतो माहीत आहे? मोमरेज बायकोच्या ताटलीला विचारून खत टाकतो!"

त्यानं दोन पोती जास्तच ओतली.

तिसऱ्या दिवशी पहाटे मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. जोबेदा गळ्याएवढ्या पाण्यात उतरून हातांनी पाणी ढवळत राहिली. ऊन वर येईपर्यंत सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. मोमरेज काठावर बसून होता.

महिन्याभरानं मत्स्यखात्याचे साहेब नव्या प्रशिक्षणाची यादी घेऊन आले.

"माझं नाव लिहा, साहेब," जोबेदा म्हणाली.

"तळं कुणाच्या नावावर आहे, भाबी?"

त्यांनी मोमरेज अली लिहिलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी वस्तू आली तर ती शोभेला टांगू नका. आणि जिचा हात रोज पाण्यात असतो, तिला एकदा तरी विचारा. मला आता कुणी विचारील असं वाटत नाही. मी सुकटीच्या मडक्यावर झाकण होऊन पडले आहे. माझी दोरी काढून जोबेदानं तिला शेळी बांधली. दोन्ही गाठी तशाच आहेत. शेळीला त्यांचा काही उपयोग नाही.