‘मो’ नसलेला कोश

मेलानेशियातल्या त्या एका बेटावरच्या त्या एका भाषेचा अभ्यास केलेली माणसं जगात एकूण बारा. त्यांपैकी अकरा जण सासऱ्यांना मानत. बारावे सासरे स्वतः, आणि तेही स्वतःला मानतच.

तिशीत असताना ते त्या बेटावर अकरा महिने राहून आले होते, आणि पुढची एक्कावन्न वर्षं त्यांनी त्या अकरा महिन्यांवर काढली. घराच्या पुढच्या खोलीत माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. बुटांच्या खोक्यांतून चौदा हजार कार्डं होती, वह्या होत्या, टेपांच्या चकत्या होत्या आणि एक जड टेपरेकॉर्डर होता, ज्याला सून सोडून कोणी हात लावायचा नाही असा नियम होता. दारावरच्या पाटीवर नाव, नावाखाली पदव्या आणि पदव्यांखाली ‘तावेला’ असा एक शब्द होता. निरोपाच्या दिवशी गावच्या थोरल्या घरच्या म्हाताऱ्यानं मिठी मारून हा किताब दिला होता. ‘बाहेरून येऊन घरचा झालेला’, असा त्याचा अर्थ सासरे सांगत. पोस्टमनला तर तो दोनदा सांगून झाला होता.

सून पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक होती. चार वर्षांपूर्वी सासऱ्यांनी तिला कोशाच्या कामाला बसवलं, वर्षभराचं काम आहे म्हणून. पंडितांचं वर्ष आपल्या वर्षाहून लांब असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आता कुठे शेवटची मुद्रितं आली होती. ती शुक्रवारी छापखान्यात पोचवायची होती आणि त्याच शुक्रवारी तिला आणखी एका गोष्टीचं उत्तर द्यायचं होतं. छापखान्याच्या मालकीणबाईंनी फोन करून कळवलं होतं की तिची जुनी जागा एक तारखेला रिकामी होतेय, येत असशील तर शुक्रवारपर्यंत सांग. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या फोनबद्दल ती घरात कोणाशी बोललीच नव्हती. कोश एकदाचा छापून झाला की ती मोकळी होणार होती.

विद्वानांत सासऱ्यांचं नाव होतं ते दोन शोधांमुळे. पहिला म्हणजे, त्या भाषेत ‘मो’ हा उच्चारच नाही. मा आहे, मी आहे, मू आहे, मे आहे, पण ‘मो’ औषधालासुद्धा नाही. का नाही, यावर त्यांचा एकशे दहा पानांचा प्रबंध होता. दुसरा, त्या लोकांची काव्यात्म वृत्ती. ते पाण्याला पाणी म्हणत नाहीत, ‘भिजवणारं’ म्हणतात. चंद्राला ‘वरचा दिवा’, कुत्र्याला ‘भुंकणारं’ आणि पायाला ‘खालचं’. एवढे कवी लोक हाताला मात्र नुसतं हात का म्हणतात, हे बारा जणांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

हे सगळे शब्द त्यांना एकाच बाईनं दिले होते. गावातले पुरुष दिवसभर मळ्यात नाहीतर होड्यांवर. आधी दोघं जण माहिती द्यायला बसले, पण आठवड्यातच कंटाळून पसार झाले. थोरल्या घरची सून तेवढी दारात बसून चटया विणायची आणि विणता विणता उत्तरं द्यायची. वह्यांत तिची नोंद ‘क्र. ३’ अशी होती.

मंगळवारी सकाळी सून शेवटचं खोकं आवरत होती. तळाशी एक टेप निघाली. वर सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पाद्री. उच्चार अशुद्ध. बहुधा दुसऱ्या बेटावरचा. दुर्लक्ष करावे.’ मुद्रितशोधकाला दुर्लक्ष करायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नकोस म्हणण्यासारखं. तिनं टेप लावली.

पाद्री गावातली घरं आणि घरांतली माणसं एकेक करून सांगत होता, आणि एका मिनिटात त्याच्या तोंडून सात वेळा ‘मो’ आला. पाण्याच्या शब्दात ‘मो’ होता, चंद्राच्या होता, कुत्र्याच्या होता, पायाच्याही होता. मग तो थोरल्या घरापाशी आला आणि त्यानं घरच्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याचं नाव होतं मो. नुसतं मो.

पुढचं सुनेला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण ते नव्या आवृत्तीसाठी तिनंच टाइप केलं होतं. सासऱ्यांच्या आधीच्या पुस्तकात सातवं प्रकरण याच प्रथेवर होतं. सून सासऱ्याचं नाव उच्चारत नाही. एवढंच नव्हे, तर त्या नावातला आवाज ज्या ज्या शब्दात असेल तो शब्दही टाळते आणि त्याच्या जागी दुसरा बनवते. प्रकरणाच्या शेवटी टीप होती: ‘प्रथा आता लुप्त. क्र. ३ ला विचारले असता ती म्हणाली, असे काही नसते.’

म्हणजे चौदा हजार कार्डांत त्या बेटाची भाषा नव्हतीच. मो नावाच्या एका म्हाताऱ्याची सून त्याच्या धाकात कशी बोलायची, ते होतं.

गप्प बसणं सोपं होतं. शुक्रवारी मुद्रितं गेली असती, कोश निघाला असता, एक तारखेला ती छापखान्यात गेली असती. बाकीच्या अकरा पंडितांना मरेपर्यंत पत्ता लागला नसता. पण कोशाच्या तीनशे प्रती त्या बेटावरच्या शाळांत जायच्या होत्या. तिथली धट्टीकट्टी पोरं पुस्तकात बघून पाण्याला ‘भिजवणारं’ म्हणायला लागणार, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि सांगावं, तर काम पहिल्यापासून सुरू. म्हणजे आणखी चार वर्षं ती, खोकी आणि तो टेपरेकॉर्डर. तिला सासऱ्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला. माणूस प्रेमळ होता हीच पंचाईत होती.

दोन दिवस ती मूग गिळून बसली. गुरुवारी मटार सोलताना तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं, कारण त्या घरात सासऱ्यांपर्यंत कुठलीही गोष्ट सासूबाईंमार्फतच जायची. सासूबाईंना कळायला दोन शेंगांपुरता वेळ लागला.

“सून ना ती? मग दुसरं काय बोलणार बिचारी,” त्या म्हणाल्या.

पण निरोप पोचवायला त्यांनी साफ नकार दिला. मी सांगितलं तर तुला काय कळतंय म्हणतील, कार्डं तू लावली आहेस, तुला तसं म्हणायची सोय नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि त्यांनी मटाराचं भांडं तिच्या हातातून काढून घेतलं.

सून पुढच्या खोलीत गेली. तिनं टेप लावली, सातवं प्रकरण उघडून सासऱ्यांपुढे ठेवलं आणि उभी राहिली.

सासऱ्यांनी मिनिटभर ऐकलं. पाद्री दुसऱ्या बेटावरचा आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

“याच गावात जन्मलोय असं तो पहिल्याच वाक्यात सांगतो, बाबा.”

त्यांनी पुन्हा ऐकलं. म्हाताऱ्याचं नाव आलं तेव्हा त्यांनी हात वर करून टेप थांबवायला लावली आणि प्रकरणाच्या शेवटची टीप वाचली. स्वतःचीच टीप त्यांनी इतकी सावकाश कधी वाचली नव्हती. मग त्यांनी क्र. ३ ची पहिली टेप लावायला सांगितली. बाई ‘भिजवणारं’ म्हणते, तिशीतले सासरे भरदार आवाजात ‘भिजवणारं’ म्हणतात, आणि मागे चार-पाच बायका खिदळतात. दर शब्दाला तेच. या हसण्यावर कोशात तळटीप होती: ‘येथील स्त्रिया स्वभावतः आनंदी.’

“मी निघताना भाषण केलं होतं,” सासरे म्हणाले. “चाळीस मिनिटं. तो म्हातारा पुढ्यातच बसला होता.”

ते सुनेला ठाऊक होतं. प्रस्तावनेत वाक्यच होतं की निरोपाच्या वेळी साऱ्या गावाच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढीवाला, सहा फुटी परदेशी पाहुणा मोच्या समोर उभा राहून मोच्या सुनेच्या बोलीत बोलतोय म्हटल्यावर येणारच.

पाद्र्याची टेप अजून शिल्लक होती. ती पुढे ऐकण्याचा हट्ट सासऱ्यांचाच. पाद्री थोरल्या घरातली एकेक व्यक्ती सांगत गेला. मो, मोची बायको, मोचा मुलगा, आणि त्या मुलाची बायको, म्हणजे मोची तावेला.

सुनेनं टेप बंद केली. पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

“तावेला म्हणजे सून,” सासरे म्हणाले. “एक्कावन्न वर्षं मी दारावर सून म्हणून पाटी लावलीय.”

तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तिनं खिडकीकडे तोंड केलं. पण सासरे स्वतःच हसायला लागले, आधी खोकल्यासारखे आणि मग खुर्ची हलेपर्यंत. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. हा कोश छापायचा नाही, ते म्हणाले. ‘मो’वरचा प्रबंध मागे घ्यायचा, अकराही जणांना पत्रं घालायची, बेटावरच्या शाळेला लिहून नव्या टेपा मागवायच्या. पुरुषांच्या, बायकांच्या, ज्यांचा मोशी काडीचा संबंध नाही अशांच्या. बोलता बोलता ते ताठ बसले. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणसाला नवं काम मिळालं की काय होतं ते सुनेला समोर दिसत होतं. आणि तिला ज्याची भीती होती तेही समोर आलंच.

“चार वर्षं लागतील. फार तर पाच,” ते म्हणाले. “तू बसशील ना माझ्याबरोबर?”

“बघते, बाबा,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी समाधानानं मान हलवली, कोरं कार्ड पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. मग ते थांबले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ.

“बघते म्हणजे नाही,” ते म्हणाले. “हो ना?”

खोटं बोलायला तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

“हो, बाबा.”

“आणि चार वर्षांपूर्वी मी तुला पहिल्यांदा विचारलं होतं, तेव्हा काय म्हणाली होतीस?”

“बघते म्हणाले होते.”

सासऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी कुठे जायचंय असं विचारलं, आणि तिनं छापखान्याचं, एक तारखेचं आणि शुक्रवारचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते मधे न बोलता ऐकून घेतलं.

“शुक्रवार कशाला, आत्ताच कळव,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला.