रुमाल

रुचिकाने आपल्या लग्नाचा अल्बम तिसऱ्यांदा पहिल्या पानापासून उघडला. समोर धाकटा भाऊ भाविक मोबाइल कानाला लावून उभा होता. पलीकडे फोटो स्टुडिओवाला होता.

"संध्याकाळपर्यंत फोटो देतो म्हटलं ना! उद्या दहावं आहे, मला कळत नाही का?" त्याने फोन खिशात टाकला. "ताई, बाबांचा चेहरा दिसेल असा एक तरी निघाला का?"

"बघतेय."

फोटो होते, भरपूर होते. मांडवाच्या दारात बाबा, जेवणाच्या पंगतीत बाबा, व्याह्यांना नारळ देताना बाबा. नारळ एका हातात, आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला पांढरा रुमाल, थेट तोंडावर. लग्नानंतरच्या पाच वर्षांतही तेच. त्याआधीचे सगळे फोटो २००५ च्या पुरात ट्रंकेतल्या ट्रंकेत लगदा झाले होते, आणि मधल्या वर्षांत कुणी फोटो काढलेच नव्हते. मतदान ओळखपत्रावरचा चेहरा बाबांचा, केसरीनाथचा, की आणखी कुणाचा, हे सांगणे कठीण होते.

"दात दुखायचे ना त्यांचे," भिंतीला टेकून बसलेली त्यांची आई कमळा म्हणाली. गेले आठ दिवस येईल त्याला ती हेच सांगत होती.

रुचिकाने पान उलटले.

केसरीनाथ शेलार गावाच्या रस्त्याला एका पत्र्याच्या टपरीत लूमवर आडवा दोरा नेणारे लाकडी धोटे दुरुस्त करायचा. लाकूड घासायचे, टोक बसवायचे, आणि शेवटी धोट्याच्या बाजूला दोरा बाहेर यायला जे बारीक भोक असते, त्याला ओठ लावून श्वास आत ओढायचा. च्चुक्. दोरा ओठांवर आला की धोटा पास. भोकाला कूस, म्हणजे लाकडाचा बारीक काटा, राहिली असेल तर ती ओठाला आधी टोचते, कापडाला नंतर, असे तो म्हणायचा. तीस वर्षे हेच करून तोंडाला वळण पडले होते. हातात धोटा नसतानाही, बोलता बोलता, जेवताना, देवळात, ओठ आपोआप जुळत. च्चुक्.

कल्याणची माणसे रुचिकाला बघायला आली तेव्हा तो आवाज सात-आठ वेळा झाला. मुलाच्या आईने अगदी सौम्यपणे विचारले होते, "ह्यांना काही त्रास आहे का?" पाहुणे गेल्यावर पोह्यांच्या बशा उचलताना रुचिका बापाला म्हणाली होती, "बाबा, चारचौघांत ते तोंडाचं बंद करा. लाज वाटते."

"बरं, बाय," एवढेच तो म्हणाला होता.

दारात चपला वाजल्या. नूर मोहम्मद आत आला. बारा लूमचा मालक, केसरीनाथचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. तो मालेगावला गेला होता, बातमी त्याला उशिरा कळली. खुर्ची नाकारून तो सतरंजीवर बसला.

"वहिनी, मी नव्हतो. माफ करा."

"त्यात काय, नूरभाय. तुमचं नाव घ्यायचे रोज."

"शिव्या देत असेल." तो हसला. त्याची नजर अल्बमवर गेली. "हा रुमाल काय घेऊन बसलाय सगळीकडे?"

"दात दुखायचे," कमळा म्हणाली.

"दात? केसरीचे? वहिनी, गेल्या ईदला माझ्या शेडमध्ये सोड्याचं बूच दातांनी उघडलंन त्याने. मी म्हटलं, अबे, ओपनर है, इन्सान बन."

भाविकला हसू आले. रुचिका हसली नाही.

"पण एक गोष्ट मला कधी कळली नाही," नूर मोहम्मद म्हणाला. "पोरीच्या लग्नाच्या आधी माझ्याकडे आला. म्हणाला, दोरा ओढायला तारेचा बारीक आकडा करून दे. मी म्हटलं, तुला? तू तर तोंडाने बघणारा माणूस. तर म्हणतो, सवय मोडायचीय. मी म्हटलं, घरात मोड, टपरीत कशाला? तर म्हणतो, तोंडाला घर आणि टपरी कळत नाही, नूर. सोडायचं तर सगळीकडे सोडायला पाहिजे."

"मग?"

"मग काय? आकड्याला कूस कळते होय? धोटे परत यायला लागले. माझे कारागीर बोंबलायचे, दोरा तुटतोय. मी पाठवायचो, तो काही न बोलता पुन्हा घासायचा. लोकांनी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. मी नाही हां, मी नाही दिले." त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "सवय का मोडायची होती, ते काही सांगितलं नाही."

भाविकने अल्बम ओढून घेतला आणि शेवटचे पान काढले. पाठवणीचा फोटो. रुचिका बापाच्या खांद्यावर डोके ठेवून रडत होती, आणि बापाच्या तोंडावर रुमाल होता.

"हाच देऊ. ताईला कापता येईल बाजूने. रडतायत असंच वाटेल, नाही का काका?"

"वाटेल," नूर मोहम्मद म्हणाला.

भाविक फोटो घेऊन निघाला. नूर मोहम्मद त्याच्या गाडीवर मागे बसून गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत रुचिका अल्बममधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"आई, बाबांचे दात दुखत नव्हते. मीच त्यांना..."

"ठाऊक हाय." कमळा सतरंजीची सुरकुती सारखी करत होती. "त्याच दिवशी सांगितलं मला. रागानं न्हाय सांगितलं. म्हणाले, पोर बरोबर बोलते."

रुचिकाने अल्बम मिटला.

"उद्या कल्याणहून तुझी सासू येल," कमळा म्हणाली. "फोटो बघून विचारल. सांगायचं, दात दुखायचे. मी एक सांगायची आणि तू एक, असं नको."

रुचिकाने मान डोलावली.