दुसरा कान

छापखान्यातल्या धडधडीत आप्पांचे कान गेले. घरच्यांचं म्हणणं वेगळं होतं: त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. दोन्ही खरं होतं. शर्टाच्या खिशात काडेपेटीएवढं जुनं मशीन आणि तिथून कानापर्यंत गेलेली वायर. सून जरा लांबण लावायला लागली, की आप्पांचा अंगठा मशीनच्या आवाजाच्या चाकावर.

"बघा, दुकान बंद केलं!" सून म्हणायची.

मग मुलाने नवं मशीन आणलं. शेंगदाण्याएवढं, कानात घातलं की दिसतही नाही. आवाज कमीजास्त करायचा तो मुलाच्या फोनवरून.

"आप्पा, तुम्हाला काहीसुद्धा करायला नको."

आप्पांना नेमकं तेच खटकलं. पण लेक हौसेने घेऊन आलेला, म्हणून कानात घातलं.

पुढे जेवताना बोलणी मध्येच विरायला लागली. ओठ हलायचे, आवाज गायब.

"मशीन बिघडलंय."

"नवंकोरं आहे हो," सून म्हणाली. "वय झालं तुमचं."

छापखान्यात एका मशीनची शंका आली, की तोच मजकूर दुसऱ्यावर छापून ताडून बघायचे. आप्पांनी तेच केलं. उजव्या कानात नवं, डाव्यात जुनं, वायरीवरून मफलर. "थंडी वाजतेय," म्हणत जेवायला बसले.

मुलाने फोनवर बोट फिरवलं. उजवा कान बंद.

"वृद्धाश्रमातून फोन होता," डाव्या कानात मुलगा बोलला. "एक तारखेला खोली मिळतेय."

"त्यांना सांगणार कधी?"

"तिथे उतरल्यावर कळेलच की."

"आणि नाही म्हणाले तर?"

"ऐकू आलं तर म्हणतील ना!"

सून हसली. मग पाणी प्यायली. आप्पा तोच घास चावत राहिले.

मुलाने पुन्हा बोट फिरवलं. "आप्पा, भाजी वाढू?"

आप्पांनी मफलर सोडला. खिशातलं मशीन काढून मुलाच्या फोनशेजारी ठेवलं. वायर कानातच होती.

"एक तारखेला मी कुठेही येणार नाही."

मुलाचा चेहरा उतरला. "आप्पा, तसं नाही... तुमच्याच सोयीसाठी..."

आप्पांचा अंगठा चाकावर गेला. आता दुकान बंद होणार, असं वाटून सुनेने सुटकेचा निःश्वास सोडला. पण चाक उलटं फिरलं, पार शेवटपर्यंत. मशीन शिट्टी मारायला लागलं.

"बोल," आप्पा म्हणाले. "आज एक शब्द चुकवायचा नाही मला."

मुलाचं बोट सवयीने फोनवर फिरलं. टेबलावरची शिट्टी वाजतच राहिली.