वाचनाचा नेम

मालन सासूशी खोटं असं एक अक्षरही बोलली नव्हती. जे झालं ते न बोलल्यामुळे झालं.

एकोणनव्वद सालची गोष्ट. डोंबिवलीत, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बैठ्या चाळीच्या टोकाच्या खोलीत लहानसं वाचनालय होतं. दुपारी तिथे वासंती बसायची. जाड भिंगांचा चष्मा, साडीवर हमखास शाईचा एखादा डाग आणि पुस्तक उशिरा परत केलं की बोलणी. शनिवारी मालन आणि आवडाबाई पुस्तक बदलायला एकाच वेळी यायच्या, आणि मग तिघींच्या गप्पांना ऊत यायचा. आवडाबाई मानपाडा गावातली आगरीण, आठवी शिकलेली. तिला रहस्यकथांशिवाय काही चालत नसे.

पाडव्याच्या आदल्या शनिवारी वासंतीने टूम काढली. "बायांनो, सोमवार करतो, चतुर्थ्या करतो, मग वाचनाचाच नेम का नको? पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, आठवड्याला एक पुस्तक. महिनाअखेरी माझ्या घरी जमायचं आणि वाचलेलं तोंडी सांगायचं. पानं उलटली म्हणजे वाचलं असं नाही. जिचा आठवडा चुकला तिचा नेम मोडला."

"मना जमल का गो?" आवडाबाई म्हणाली. "माझे घरान दोन म्हशी न दोन जावा. म्हशी तरी गप बसतान."

मालन नुसती हसली. तिच्या घरात पुस्तक म्हणजे वैर होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी ती एकदा वाचत बसली आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. सासूने, मनुबाईने, सांडलेलं दूध पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मालनला बंबात अर्धं जळलेलं सापडलं. त्यानंतर ती पुस्तक आणायची ते गव्हाच्या डब्यामागे ठेवायची आणि वाचायची ती चोरून, दोन-दोन पानं. असं वाचून आठवड्याला एक पुस्तक कसं व्हायचं?

म्हणून तिने धीर केला. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर, मनुबाई वाती वळत बसली होती तेव्हा ती समोर जाऊन बसली.

"आत्याबाई, मी वर्षाचा नेम धरलाय. वाचनाचा. रोज दुपारी तासभर बसेन म्हणते. म्हणजे ते..."

मनुबाईने तुपाने माखलेला हात तिच्या तोंडावर ठेवला. "बास! म्होरं बोलू नगंस. नेम बोलून दावला की बाटतो."

मनुबाई पाटणकडची. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्या गावात वाचन एकच, चातुर्मासात देवळात चालायचं ते. तिचे सासरे होते तोवर घरातही पोथी वाचली जायची. पुढे नवरा गेला, वाटण्या झाल्या, पोथी थोरल्या दिराकडे गेली. तिचं लाल फडकं तेवढं मनुबाईच्या ट्रंकेत राहिलं होतं. ते तिने आणून मालनच्या ओच्यात टाकलं. डोळे पुसत म्हणाली, "ह्या घरात वाचायचं ऱ्हायलंच हुतं बघ."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मालनने. पण फडक्याला कापराचा वास येत होता आणि समोर वर्षभराच्या दुपारी मोकळ्या पसरल्या होत्या. ती गप्प बसली.

त्या दिवसापासून मालन रोज दुपारी देव्हाऱ्यासमोर पाटावर बसू लागली. वाचनालयाच्या पुस्तकाला खाकी कव्हर असायचंच, वर लाल फडकं. दारात कुणी आलं की मनुबाई ओठांवर बोट ठेवायची. "सून नेमाला बसलीया. मागनं या." शेजारणीच्या रेडिओचा कानही ती पिळून आली. मालनला अशी शांतता माहेरीसुद्धा मिळाली नव्हती. पुस्तकांमागून पुस्तकं वाचून होत होती आणि प्रत्येक पुस्तकागणिक सांगणं अवघड होत चाललं होतं.

नवऱ्याला, उत्तमला, ठाऊक होतं. तो एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कंपनीत होता. एकदा जेवताना हळूच म्हणाला, "काय, आज कुठल्या देवाचा खून झाला?"

"गप्प बसा. आत्याबाई ऐकतील."

"अगं, सांगून टाक एकदाचं. जितकं लांबवशील तितकं वाढेल."

"दिवाळी होऊ दे," मालन म्हणाली.

दिवाळी झाली. पुढच्याच महिन्यात उत्तमच्या कंपनीत वायूची टाकी फुटली.

दुपारची वेळ होती. भोंगा झाला, मग दुसरा. सगळी गल्ली तोंडाला पदर लावून रस्त्यावर आली. मनुबाई धावत आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. मालन पाटावर होती तशी होती. मान खाली, बोट ओळीवर. जागची हलली नव्हती.

खरं असं होतं, की मालनने भोंगा ऐकलाच नव्हता. पुस्तकात एका बाईला विहिरीतून वर काढत होते आणि ती जिवंत आहे की नाही ते कळायला अजून एक पान होतं. शेवटी मनुबाईच्या हुंदक्याने ती भानावर आली.

उत्तमला दवाखान्यात नेलं होतं. कंपनीतले दोघं जण दगावले होते. उत्तमच्या छातीत वायू गेला होता. डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. मालन खाटेपाशी बसली ती उठेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मनुबाईने तिला दंडाला धरून उठवलं.

"घरी जा. नेमाची येळ झाली."

"आत्याबाई, आज नको. मला इथंच..."

"हितं मी हाय. तू तुझा नेम मोडू नगंस. जा म्हंते ना!"

मालन घरी आली, पाटावर बसली, फडकं सोडलं. अक्षरं दिसत होती, शब्द लागत नव्हते. ती पानं उलटत राहिली आणि रडत राहिली. नवरा तिकडे श्वास मोजतोय आणि आपण इथे कुणाच्या तरी कल्पित घरातली भांडणं वाचतोय, ह्याची तिला शिसारी आली. तरी ती रोज बसली. सासू दवाखान्यातून आल्या आल्या पहिलं तेच विचारायची.

उत्तम वाचला. घरी आला, खोकत होता, पण चालता-बोलता. जो कोणी बघायला येई त्याला मनुबाई सांगे, "भोंगा झाला, अख्खी गल्ली पळाली, पण माझी सून आसनावरनं हालली न्हाई. तिनं वाचलं म्हून ह्यो वाचला."

ते वाक्य गल्लीत फिरलं. बायका मालनच्या पाया पडू लागल्या.

"आता मी सांगते," मालन एके दिवशी उत्तमला म्हणाली. "मला हे सोसत नाही."

उत्तमने मान हलवली. "आता नको. आई त्याच्यावरच उभी आहे गं. मी खोकलो की ती तुझ्याकडे बघते, बघितलंस?"

मालनने बघितलं होतं. म्हणूनच तर झोप उडाली होती.

फाल्गुन लागला तशी मनुबाई उद्यापनाची तयारी करू लागली. पाच सवाष्णी, पुरणाचा नैवेद्य, गावाहून थोरल्या दिराचं बिऱ्हाड. आणि ठरवून टाकलं, की पाडव्याला मालनने शेवटचा अध्याय सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा.

मालनने शनिवारी वाचनालयात जाऊन वासंती आणि आवडाबाईला ते सांगितलं. वासंतीने सगळं ऐकून घेतलं. मग घरून एक पोथी आणून तिच्यासमोर ठेवली. "ही घे. शेवटचा अध्याय वाच, आरती कर, मोकळी हो. कुणाला कळणार आहे?"

"देवाला," मालन म्हणाली.

"देव वाचनालयाचा सभासद नाही," वासंती म्हणाली, पण तिलाही हसू आलं नाही.

आवडाबाईने पोथी चाळून खाली ठेवली. मग म्हणाली, "मी तं सासूला कवाच सांगलं आसतं न दोन रट्टे खाल्लं आसतं. रट्टं इसरतान. यो खोटेपना नाय इसराचा."

पाडव्याला घर भरलं. फडक्यात दोन्ही बांधलं होतं: वर पोथी, खाली शेवटच्या आठवड्याची कादंबरी. वासंती आणि आवडाबाई सवाष्णी म्हणून आल्या होत्या. दोघी भिंतीला चिकटून बसल्या. मालनने पाटावर बसून गाठ सोडली, पोथी उघडली.  हेच करायचं, एवढा एकच अध्याय, आणि मग कायमचं मोकळं.

तेवढ्यात मनुबाईने उत्तमला पुढे ओढलं. "थांब सूनबाई. उत्तम, डोकं ठेव हिच्यावर. वरीसभर हीच वाचली तिनं. हिच्यामुळं तू वाचलास."

उत्तमने बायकोकडे पाहिलं. मग तो वाकला, कपाळ पोथीवर टेकलं आणि तिथेच त्याला खोकल्याची उबळ आली. थांबेना. पोथीवर कपाळ, पाठ हादरतेय, आणि सगळ्या बायका श्वास धरून बसलेल्या.

मालन त्या पाठीकडे बघत राहिली. न वाचलेल्या पोथीवर ह्याचं डोकं. ह्याच्या जिवावर खोटी साक्ष. मालन काही फार देवभोळी नव्हती, पण त्या क्षणी तिला जी भीती वाटली ती मनुबाईच्या भीतीहून जराही कमी नव्हती. उत्तम सरळ बसल्यावर तिने पोथी उचलली, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. खालचं खाकी कव्हरचं पुस्तक हातात घेतलं आणि शेवटची पानं वाचायला सुरुवात केली.

एक म्हातारी होती. तिचं गाव धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती चिखल तुडवत जायची आणि आपल्या घराच्या उंबऱ्यावर पणती लावून यायची. मुलगा मुंबईला, बोलवून बोलवून थकली, आला नाही. शेवटच्या पानावर तो येतो. घोटाभर चिखलातून उंबऱ्यापाशी पोचतो. पणती जळत असते. म्हातारी कुठेच नसते.

मालनने पुस्तक मिटलं. मनुबाईची थोरली जाऊ डोळे पुसत होती. मनुबाईचे हात जोडलेलेच होते.

"ही कुठल्या द्येवाची कथा गं?"

"देवाची नाही, आत्याबाई. कादंबरी आहे. वर्षभर मी ह्याच वाचल्या. पोथी एकदाही नाही. आमचा वाचनालयातल्या बायकांचा नेम होता, पुस्तकांचा. मी सांगायला आले होते, तुम्ही बोलू दिलं नाहीत, आणि मग मीच बोलले नाही."

 मनुबाईचे हात हळूहळू खाली आले.

"आन् भोंगा झाला तवा?"

"मला ऐकूच आला नाही. पुस्तकात होते."

"मग माझा उत्तम कशानं वाचला?"

 उत्तम काही बोलू गेला, मनुबाईने हाताने त्याला थांबवलं. ती उठली, मालनच्या मांडीवरून लाल फडकं काढून घेतलं, त्याची घडी घातली आणि आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. मग तीच बाहेर आली आणि सवाष्णींना म्हणाली, "पानं मांडलीती. बसा." पाचही जणींची ओटी तिने थोरल्या जावेकडून भरवली. मालनलाही कुंकू लावायला जावेला खूण केली, पण सुनेकडे न बघता.

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. दुपारी मालन भांडी घासायची, तांदूळ निवडायची; पाटाकडे बघायची नाही. मनुबाई देवासमोर नुसती बसायची. उत्तम खोकला की दोघी एकदमच मान वर करायच्या आणि एकमेकींची नजर चुकवायच्या. आता पुस्तक पुन्हा बंबात गेलं असतं तरी मालनने हूं की चूं केलं नसतं.

पुढच्या सोमवारी मनुबाईने सांगून टाकलं, "उद्यापास्नं वरीसभर मी टिटवाळ्याच्या गणपतीला मंगळवार धरणार. अनवाणी. द्येवाचं ऱ्हायलेलं कुणीतरी फेडाय पायजे."

"मी येते, आत्याबाई."

"यायचंच हाय तुला. फसवलंस तू, न् चालायचं मी एकटीनं?"

सकाळी निघताना मनुबाईने तिच्या हातात काहीतरी कोंबलं. जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, कडा नीट दुमडून शिवलेल्या.

"पोथीचं फडकं पोथीला. तुझ्या पुस्तकास्नी ह्ये घे. आन् ती म्हातारीची कादंबरी कुठाय?"

"परत करायची राहिलीय. डब्यामागे आहे."

"काढ. मंगळवारी रांग लई आसती म्हंत्यात." मनुबाईने पदर खोचला. "म्हातारी कुठं गेली, त्ये म्होरं हाय का लिव्हलेलं?"

"नाही. तिथंच संपतं पुस्तक."

"मग लिव्हलं कशाला मेल्यानं?" ती दारात थांबली, चपलांकडे एकदा बघितलं आणि तशीच पायरी उतरली. "पयल्यापास्नं वाच मला. कुठंतरी सांगितलं आसंल तिनं जाताना. तुझं ध्यान नसंल."