मी उलगडा, हट्ट्याला निघालो

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. रंगीत चित्रं, चकचकीत बटणं असलं काही माझ्याकडे नाही. काळ्या पडद्यावर कुणी माझं नाव टाईप केलं की मी जागा होतो, सांगितलेलं काम करतो आणि गप्प बसतो. नाव माझं उलगडा.

वारंगा फाट्याजवळच्या एका मेंढपाळाच्या घरात माझा जन्म झाला. राधिका त्या घरची शिकलेली लेक. ती फाट्यावरच्या प्रभूदादाच्या छपाईच्या दुकानात काम करायची. तिथं जुन्या फाँटमधल्या लग्नपत्रिका नव्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसत्या वेड्यावाकड्या खुणा दिसत. कोणत्या खुणेमागे कोणतं अक्षर लपलंय याचा राधिकानं एक तक्ता केला आणि मग मला लिहिलं. तो तक्ता पाहून मी त्या खुणांचं पुन्हा मराठी करू लागलो. "जादूच करून राहिली की गं पोरी!" प्रभूदादा म्हणाला. कौतुक तिचं झालं, छाती मात्र माझी फुगली. पुढं पत्रिका मोबाईलवरच बनू लागल्या आणि मला कुणी हाक मारेना. राधिकाच्या लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात मी पडून राहिलो. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी हट्टा गावाहून साधनाताईचा फोन आला. ही बाई पूर्वी प्रभूदादाकडेच टायपिंग शिकलेली. तिची आई पंचफुलाबाई हळदीची गाणी म्हणायची. साधनाताईनं ती ऐकून ऐकून त्याच जुन्या फाँटात टाईप करून ठेवली होती. आई गेल्या साली वारली. आता साधनाताईच्या लेकीची, सृष्टीची, हळद तोंडावर आली होती आणि फाईल उघडली तर नुसत्या खुणा! गाणी कुणालाच पाठ नव्हती.

"फाईल धाडा ताई, मी इथून करून देते," राधिका म्हणाली.

"न्हाई गं माय! मायनं त्यात माझ्या सासूला नावानिशी शिव्या घातल्यात. परक्याच्या हाती कशी देऊ? तुझा प्रोग्रॅमच धाड इकडं."

हळदीत विहिणीला गाण्यातून चिमटे काढायची रीतच आहे आमच्याकडे. पण मांडवातलं मांडवात राहावं, ही साधनाताईची भीती.

तर मी निघालो. राधिकानं मला उचललं आणि ईमेलनं धाडून दिलं. मग फोनवरून तासभर सूचना. हे टाईप करा, ते टाका, आता परत करा. उंटावरून शेळ्या हाकणंच ते! शेवटी साधनाताईनं माझं नाव टाईप केलं. मी ऐटीत उठलो, तक्त्यासाठी हात घातला आणि तक्ताच नाही! तो राहिला राधिकाच्या लॅपटॉपात. माझ्या पोटात त्याचा पत्ताही तिच्याच घरचा लिहिलेला. वर मला चालायला जो मदतनीस प्रोग्रॅम लागतो, तोही इथं जुनाट निघाला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मी तेवढी चूक पडद्यावर सांगितली आणि पडलो.

"काहून असं झालं गं? तुझ्याकडं तर चालतो," साधनाताई रडवेली झाली. "माझ्या लेकीची हळद मुकीच जाती की काय?"

दुसऱ्या सकाळी राधिकाच्या घरची मंडळी मेंढरं घेऊन चराईला निघणार होती. अंगणात बाजेवर लॅपटॉप उघडा, त्यात मी. राधिका घोड्यावर बिऱ्हाड लादू लागली होती. तवा, मिठाचं गाठोडं, कोकरांचं औषध.

"चुलीचे दगडं घेऊ का गं?" तिची आई अनुसयाबाईनं विचारलं. चांगले बेताचे दगड होते, तिचा जीव अडकला होता त्यांच्यात.

"दगडं कोण लादतं माय? उतरू तिथं भेटतेत. तवा तेवढा..." आणि राधिका बोलता बोलता थांबली. हातातली दोरी तशीच. "अगं, म्या त्याला तव्याबिगर धाडलं!"

"कुणाला?" अनुसयाबाई घाबरली. "कोण उपाशी गेलं?"

मग माझंही बिऱ्हाड बांधलं गेलं. तक्ता माझ्या गाठोड्यातच ठेवला आणि तो गाठोड्यातच शोधायचा हे मला शिकवलं. चुलीच्या दगडांसारखं जे तिथं मिळण्यासारखं, त्याची फक्त नावं गाठोड्यावर लिहिली. कारण संगणकात एक कारभारी असतो, पॅकेज मॅनेजर म्हणतात त्याला. नाव सांगितलं की तो इंटरनेटवरच्या कोठारातून गाठोडं आणतो, लागणारे मदतनीस गोळा करतो, सगळं जागच्या जागी लावतो. राधिकानं मला त्या कोठारात ठेवलं आणि आधी प्रभूदादाच्या दुकानातल्या कोऱ्या संगणकावर उतरवून पाहिलं. आपल्या घरात चाललं म्हणजे चाललं असं नसतं, हे तिला पटलं होतं.

या वेळी साधनाताईला कोठाराचा पत्ता सांगून एकच ओळ टाईप करायला लावली. मी उतरलो. तवा जवळ होता. खुणा हलल्या, अक्षरं झाली, आणि साधनाताई पडद्याला हात लावून "माय गं, माय" म्हणत रडली. मला डोळे असते तर मीही रडलो असतो.

हळदीच्या दिवशी लॅपटॉप मांडवात आला. बायकांनी सूर धरला:

"हळद लागली लेकीला, अंगण पिवळं झालं गं,
विहीण रुख्मिणीबाईचं तोंड वाकडं झालं गं."

साधनाताईची जीभच अडखळली. सासू रुख्मिणीबाई समोरच बसलेली!

"थांबल्या काहून?" म्हातारी म्हणाली. "पंचफुला तुझ्या हळदीत माझ्याकडं बोट करू करू म्हणली होती हे. म्या चार दिस बोलले नव्हते तिला." तिनं पदरानं डोळे पुसले. "म्हणा पुढं. बराबर म्हणा."

आणि वाकड्या तोंडाचं ते गाणं तिनंच सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

मित्रांनो, तुम्हीही काही चांगलं केलंत, तर ते आपल्याच घरात कोंडून ठेवू नका. बिऱ्हाड नीट बांधून द्या, आणि अधूनमधून गाठोडं उघडून बघा, काही जुनं झालंय का, तुटलंय का. राधिका माझं बघते. कारण त्या दिवशी उठताना रुख्मिणीबाई साधनाताईला जे म्हणाली, ते साधनाताईनं तिला फोनवर सांगितलं होतं: "हे पुन्हा मिटू देऊ नको बरं, पोरी. माझं नाव हाय त्यात."