जनाचं नववं वरीस

दहिवलीच्या बायका पूर्वी कर्जतच्या व्यापाऱ्यांचं भात घरी आणून उखळात कांडून देत. मग स्टेशनाच्या अंगाला वाफेवर चालणारी गिरणी उभी राहिली आणि घरोघरची मुसळं भिंतीला टेकली ती टेकलीच. सोनाबाईनं एक वर्ष वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी तीही डोक्याला फडकं बांधून गिरणीत पाखडणीला जाऊ लागली. दिवसभर सूप हलवायचं. कोंडा नाकात, कानात, पापण्यांवर. घरी येऊन चूळ भरली तरी जिभेवर तो तसाच.

तिच्याबरोबर तिची जनाही जायची. जना सात वर्षांची. यंत्राच्या बुडाशी तूस साचायचं ते काढायला मोठ्या माणसाचा हात पोचत नसे, म्हणून लहान पोरं पोटावर सरपटत आत शिरायची आणि केरसुणीनं तूस बाहेर ओढायची. वर चामड्याचे पट्टे गरगरत असायचे. सोनाबाईची नजर सुपावर कमी आणि त्या पट्ट्यांवर जास्त असायची.

त्या साली एक गोरा साहेब गिरणीत आला. त्याच्याबरोबरच्या कारकुनानं सगळ्यांना अंगणात उभं करून मराठीत सांगितलं, की सरकारनं नवा कायदा केला आहे. नऊ वर्षांखालचं मूल गिरणीत दिसता कामा नये. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना दिवसाला सात तासांच्या वर काम नाही, आणि त्यांच्या वयाची डॉक्टरची चिठ्ठी हवी. बायकांना दुपारी विसावा मिळालाच पाहिजे.

सोनाबाई ऐकतच राहिली. सरकार म्हणजे सारा आणि जंगलबंदी, एवढंच तिला ठाऊक. कुठंतरी लांब बसून कुणीतरी तिच्या जनाचा विचार केला, याचं तिला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं जनाला घरी ठेवलं. जना शेजारणीच्या शेळ्यांमागं नदीवर गेली, आणि सोनाबाईनं कितीतरी दिवसांनी पट्ट्यांकडे न बघता सूप धरलं.

हे सुख आठवडाभरही टिकलं नाही. नामा मुकादम पान चघळत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सोनाबाय, पोरगी कुठाय?"

"घरी हाय. कायदा झालाय ना मुकादम."

"कायदा मला नको सांगूस. तूस कोण काढणार? ज्या बाईचं पोर कामाला, तीच बाई कामाला. नायतर सूप ठेव आनि जा."

"सात वरसांची हाय ती."

नामा हसला. पानाची लाल पिंक त्यानं पाखडलेल्या तांदळाच्या कडेलाच टाकली. "डाक्टर वय इचारीत नाय गं. तोंडात बघतो. दुधाच्या दाढा पडल्या असल्या म्हंजी पोर नऊ वरसांचं. तुझ्या घरवाल्याला सांगितलंय मी सगळं."

काय सांगितलंय, ते तिला कळलं नाही. तिचा नवरा कोंडाजी बैलगाडीनं गिरणीला भात वाहून आणायचा. त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तर जना चुलीपाशी बसलेली. गाल दोन्हीकडून टरारलेले, तोंडात हळद भरलेलं फडकं. परकरावर रक्त वाळून काळं झालेलं. कोंडाजी शेजारी बसून वाटीत पेज निववत होता.

सोनाबाईनं फडकं बाहेर काढलं. दोन्ही बाजूंना, वर-खाली, हिरडीत लाल खळगे.

"कुणी काढल्या?"

कोंडाजी पेजेवर फुंकर घालत म्हणाला, "नालबंदानं."

गिरणीच्या दाराशी झाडाखाली एक नालबंद बसायचा. गाड्यांचे बैल आडवे पाडून त्यांच्या खुरांना पत्रे ठोकायचा, जुने खिळे सांडशीनं उपटायचा. ती सांडशी सोनाबाईनं रोज बघितलेली. शेणानं आणि खुरांच्या घाणीनं माखलेली.

"दुधाच्याच हुत्या," कोंडाजी म्हणाला. "पडनारच हुत्या कधीतरी. माझी गाडी बी बंद करनार हुता मुकादम. काय करू मी?"

ती उठून परसात गेली आणि ओकली. ज्या हातांनी त्यानं पोरीचं डोकं धरलं असेल त्याच हातांनी तो आता पेज पाजत होता, आणि पोरगी ती पीत होती.

हिरड्या थोड्या भरून आल्यावर नामा मुकादम जनाला आणि आणखी चार पोरांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. आयांनाही नेलं. डॉक्टर मुंबईहून शिकून आलेले, पांढऱ्या स्वच्छ कपड्यातले. त्यांनी प्रत्येक पोराचा जबडा बोटांनी उघडला, खिडकीच्या उजेडाकडं वळवला, आत डोकावून बघितलं आणि मदतनिसाला वय सांगितलं. पोराला आई आहे की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बाजारात बैल घेणारा माणूससुद्धा धन्याशी दोन शब्द बोलतो.

जनाची पाळी आली तेव्हा सोनाबाई पुढं झाली.

"डाक्टरसायेब, ही सात वरसांची हाय. दाढा पडल्या नायत. उपटल्या. बैलाच्या सांडशीनं."

डॉक्टरांनी नामाकडे पाहिलं. नामा नम्रपणे म्हणाला, "वालाची खुडनी आलीय साहेब. पोरगी शेतावर पायजे तिला, म्हनून वय कमी सांगते."

"खोटं बोलतोय त्यो. हिरड्या बघा. अजून कच्च्या हायत."

डॉक्टरांनी पुन्हा वाकून पाहिलं. त्यांना दिसलं असावं, कारण त्यांचं बोट एका खळग्यावर थबकलं आणि जना कळवळली. पण मग ते सरळ झाले, गोड वासाच्या साबणानं हात धुतले, टॉवेलाला पुसले.

"हे बघा बाई, तुम्हा लोकांना वयं नीट माहीत नसतात. म्हणून तर कायद्यानं हे काम माझ्यावर सोपवलंय. मी दात पाहिले. नऊ."

चिठ्ठी नामाच्या हातात गेली. जना नऊ वर्षांची झाली.

कायद्यानं नऊ वर्षांच्या मुलीला सातच तास काम. पण ते सात तास साहेब यायचा तेव्हापुरते. एरवी पोरं सकाळच्या भोंग्यापासून दिवस मावळेपर्यंत तूस ओढायची. बायकांचा दुपारचा विसावाही तसाच. विसाव्याच्या वेळी नामा त्यांना सुपं बाजूला ठेवायला लावायचा आणि पोती शिवायला बसवायचा. सोनाबाई खाली मान घालून राबत राहिली. घरी कोंडाजीनं पुढं केलेला तांब्या ती घेईना. त्याचं जेवताना ओठ वाजवणं, मुकादमाच्या दातांवरचा लाल थर, दवाखान्यातल्या साबणाचा तो गोड वास आठवला तरी तिला शिसारी यायची. सगळ्यांत जास्त स्वतःची यायची, कारण रोज पहाटे जनाला उठवून गिरणीत नेत होती ती तीच.

पंधरवड्यानं डोंगराकडच्या वाडीतून चिंधी नावाची एक ठाकरीण कामाला आली. तिच्याबरोबर तिची मंगळी. ही जनाहून लहान, अंगानं काटकुळी. नामानं दुपारी सोनाबाईला हाक मारून नालबंदाच्या झाडाखाली नेलं. चिंधी मंगळीला पोटाशी धरून बसली होती. काय चाललंय ते तिला उमगलेलं दिसत नव्हतं.

"हिला समजावून सांग," नामा म्हणाला. "तुझी पोरगी कशी बरी झाली ते सांग. आनि पोरीचं डोकं जरा घट्ट धर. हिला जमायचं नाय."

नालबंद सांडशी मातीत घासून पुसत होता.

सोनाबाई चिंधीजवळ बसली. शांतपणे म्हणाली, "ह्ये तुझ्या पोरीच्या दाढा उपटनार हायत. जित्या. पोरीला घेऊन वाडीवर जा. परत येऊ नको."

चिंधी उठली. मंगळीला काखेत मारून ती रेल्वेच्या रुळांपलीकडं दिसेनाशी झाली. नामानं सोनाबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती आत गेली, यंत्राखालून जनाला पायाला धरून बाहेर ओढलं, तिच्या केसांतलं तूस झटकलं आणि तिथूनच पोशीरची वाट धरली. घरी लुगडं घ्यायलाही गेली नाही.

पोशीरला तिचा भाऊ सहदेव राहायचा. भावजयीनं पहिले दोन दिवस भांडी आपटली, मग तिसऱ्या दिवशी जनासाठी वेगळी मऊ पेज शिजवली. सोनाबाई वालाच्या शेतांत मजुरीला लागली. पाठ मोडायची, पण तोंडात कोंडा नव्हता.

होळीच्या सुमाराला कोंडाजी आला. वाळला होता. बरोबर बत्तासे आणले होते. खळ्याच्या कडेला बसून तो म्हणाला, "चल आता घरी. मुकादमाचा राग गेलाय. जनाची जागा बी गेली नाय."

"म्हंजी?"

"चिठ्ठी हुतीच ना. जनाच्या नावावर मंगळी जाती. ती ठाकरीण आली परत, वाडीवर खायला काय हुतं? परवा सायेब आला, जना कोंडाजी म्हनून हाक मारली, तशी मंगळी उभी राहिली. सायबानं डोक्यावरनं हात फिरवला. गिरणी चांगली चालवलीय म्हनला." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर थोडं कौतुक होतं.

"तिच्या दाढा?" सोनाबाईनं विचारलं.

कोंडाजी मातीत रेघा ओढू लागला. "काढल्या. सायबानं तोंडात बघितलं तर? तापली हुती चार दिवस. आता बरी हाय."

सोनाबाईनं बत्तासे त्याच्याकडं परत सरकवले.

तेवढ्यात जना शेताकडून आली. बापाला बघून थांबली. कोंडाजीनं बत्तासा पुढं केला, आणि तिनं तो घेतला तसा हसून म्हणाला, "नव्या दाढा आल्या का गं? बघू." त्यानं तिच्या हनुवटीकडं हात नेला.

जनानं बत्तासा टाकून दिला आणि दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

सोनाबाई दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "उजेड हाय तवर निघा," ती म्हणाली. कोंडाजी पायताण घालून निघाला. ती वालाच्या शेंगा सोलायला बसली आणि जनाला जवळ ओढून घेतलं.